बाप्तिस्म्यानंतरचं पहिलं वर्ष: परीक्षा ओळखायची कशी, आज्ञापालन सुरू करायचं कुठून

पाण्यातून वर आल्यावर मंडळी गाणं म्हणते, कोणी फोटो काढतं, कोणी पेढे आणतं. मग सोमवार उजाडतो. कारखान्यात पहिली पाळी असते, आई ओट्याकडे तोंड करून उभी असते, मोठा भाऊ म्हणतो, "आता तू आमचा राहिला नाहीस." आमच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी संगती भरते. नवीन माणूस तिसऱ्या-चौथ्या बुधवारी हमखास विचारतो, "दादा, विश्वास ठेवल्यावर त्रास कमी व्हायला हवा होता ना? हा तर वाढला."

मी पाळक नाही. नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. बाप्तिस्म्याला अठरा वर्षं झाली आणि पहिल्या दोन वर्षांत करता येतील तेवढ्या बहुतेक चुका करून झाल्या आहेत. त्या भांडवलावर हे लिहितोय. वाचताना पवित्र शास्त्र शेजारी ठेवा आणि मी सांगतो ते अध्याय उघडून बघा.

त्रास वाढला म्हणजे काही बिघडलं असं नाही

येशूचा बाप्तिस्मा झाला, आकाशातून वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र आहे. त्याच्या पुढे मार्क लिहितो, 'लगेच' आत्म्याने त्याला अरण्यात नेलं. चाळीस दिवस उपास, आणि मग सैतानाचे तीन प्रश्न. घरी सत्यनारायण घालून पाहुणे जेवून गेले आणि घर शांत झालं, असा आपला हिशोब असतो. इथे क्रम उलटा आहे. मत्तयाचा चौथा अध्याय वाचलात तर दिसेल की येशूने दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. म्हणजे इस्राएल लोक अरण्यात चाळीस वर्षं जिथे जिथे घसरले, तिथलीच वचनं.

आमच्या खात्यात भंगारात जाणाऱ्या जॉबला, म्हणजे घडवलेल्या सुट्या भागाला, कोणी गेज (माप तपासायचं साधन) लावत नाही. पुढे पाठवायचा असतो त्यालाच लावतात. हे मी नव्या लोकांना सांगतो तेव्हा ते खूश होतात, म्हणून लगेच पुढचंही सांगतो: गेजमुळे जॉब बदलत नाही, पण पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात (१:७) विश्वासाच्या कसोटीसाठी दाखला दिलाय तो अग्नीतल्या सोन्याचा. सराफ बाजारात कोणाही कारागिराला विचारा, सोनं मुशीतून निघतं तेव्हा त्याचं वजन थोडं घटलेलं असतं. जे गेलं ते सोनं नव्हतं, एवढंच.

आधी ओळख पटवा: हे नक्की काय आहे?

नव्या विश्वासणाऱ्याची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. आलेली प्रत्येक अडचण त्याला 'परीक्षा' वाटते, नाहीतर 'सैतानाचा हल्ला'. आमच्या संगतीतला एक तरुण मायको सर्कलला हेल्मेट नसल्याने पकडला गेला. बुधवारी साक्ष देताना म्हणाला, सैतानाने मला उपासनेला येताना अडवलं. एक म्हातारी आजी म्हणाली, "बाळा, पोलिसाने अडवलं. हेल्मेट घे."

मी चार खाने करतो. पहिला, परीक्षा: देव तुमच्या मनात काय आहे ते उघड करतोय. अनुवाद ८:२ मध्ये अरण्यातल्या चाळीस वर्षांचं कारण असंच दिलंय. दुसरा, मोह: वाईटाकडे ओढ. याकोब १:१३-१४ स्पष्ट सांगतो की देव कोणाला मोहात पाडत नाही, माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो. तिसरा, आपल्याच करणीचं फळ: उधारी, उशिरा जाणं, तोंडाची सुटलेली लगाम. चौथा, नुसतं आयुष्य. निफाडच्या बाजूला गारपीट होते तेव्हा विश्वासणाऱ्याची द्राक्षबाग आणि शेजाऱ्याची बाग दोन्ही झोडपल्या जातात. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशूनेच लूक १३ मध्ये विचारलंय आणि स्वतःच 'नाही' म्हटलंय.

पहिल्या दोन खान्यांत गोंधळ होणं साहजिक आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, 'पेइरास्मोस'. आपल्या मराठी शास्त्रात तो कुठे 'परीक्षा' तर कुठे 'मोह' होऊन येतो. शिवाय एकच प्रसंग दोन्ही असू शकतो: पोटीफरच्या घरी त्याच्या बायकोने योसेफाला गळ घातली तो मोह होता, आणि त्यातच त्याची पारखही झाली.

खाना ठरवायचा कशासाठी? कारण प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे. परीक्षेत टिकून राहायचं असतं. मोहापासून पळायचं असतं. योसेफ अंगरखा सोडून पळाला, तिथे बसून प्रार्थना करत राहिला नाही. स्वतःच्या चुकीला माफी आणि भरपाई. आणि गारपिटीला पंचनामा, विमा आणि शेजाऱ्याला हात. जो मोहासमोर 'टिकून' बसतो आणि परीक्षेपासून पळतो, त्याचं पहिलं वर्ष फार अवघड जातं. मी दोन्ही केलंय.

मग वहीत एकच ओळ लिहा

आज्ञापालन म्हटलं की शाळेतली छडी आठवते. पण मराठीत आपण साधंच बोलतो: "तो आईचं ऐकतो." ऐकणं म्हणजे कानाने घेणं आणि तसं करणंही. हिब्रूतही 'शमा' या एकाच शब्दात दोन्ही बसतं. आणि नाशिककरांकडे आणखी एक शब्द आहे, रोज पाटीवर वाचतो आणि विसरतो: शरणपूर. आज तिथे बँका आणि दुकानं आहेत. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ती वस्ती वसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे वाढली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळीही. देह तिथेच पुरून मोकळं होता आलं असतं. हुकूम देणारा तर मेला होता. हे उगीच आठवलं, पण शरण जाणं आणि हुकूम मानणं यातला फरक समजावताना मला तेच आठवतं.

तर वही. निर्गम १६:४ काढा. इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारी भाकर, देताना देव म्हणतो, यावरून मी त्यांची परीक्षा पाहीन. काय परीक्षा होती? रोजचं रोज गोळा करायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही, सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचं. बस. एवढ्या मोठ्या सामुदायिक परीक्षेचा विषय पीठ-मिठाचा होता, आणि तरी लोकांनी साठवून ठेवलंच आणि त्यात किडे पडले.

म्हणून मोठं काही शोधू नका. शास्त्रात स्पष्ट आहे, तुम्हाला आधीच कळलंय आणि तरी केलेलं नाही, अशी एक गोष्ट लिहा. एकच. माझ्या वहीतली पहिली ओळ होती: 'माळ्यावरचा मायक्रोमीटर'. आधीच्या एका कंपनीतून मी तो घरी आणला होता, सोबत नट आवळायचे दोन पाने. चोरी म्हणत नव्हतो, 'आणला' म्हणत होतो. तीन आठवडे मी उपास केला, पहाटे उठून प्रार्थना केली, संडेस्कूलला शिकवायला उभा राहिलो. त्या माळ्यावर चढलो नाही. शौल राजाला शमुवेल संदेष्टा म्हणाला होता की यज्ञापेक्षा ऐकणं बरं, ते मला पाठ होतं. शेवटी पिशवीत घालून घेऊन गेलो. तिथले साहेब आधी हसले, मग त्यांना संशय आला की आणखी काय काय नेलं असेल. अपमान झाला. कोणी 'शाबास' म्हटलं नाही. तसं कोणी म्हणेलच असं धरून जाऊ नका.

ओळ पूर्ण झाली की खोडा आणि दुसरी लिहा. महिन्याला एक झाली तरी पुष्कळ. आणि पहिल्याच वर्षी अब्राहाम होऊ नका. मोरिया डोंगरावर मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला तो निघाला ती गोष्ट ऐकून लोक नोकरीचा राजीनामा देतात. अब्राहामाने घर सोडलं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा शंभर, आणि मोरिया त्यानंतर. मधल्या काळात तो बायकोला बहीण सांगून दोनदा खोटं बोलला. उत्पत्ति २२ चा शेवटही विसरू नका: देवाने त्याचा हात थांबवला.

घरात: सगळ्यात लांबची पायरी

नाशिकमध्ये राहून सणवारांपासून लांब राहता येत नाही. गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांत, मध्ये कोणाचं श्राद्ध, बारा वर्षांनी सिंहस्थ. या बाबतीत निरनिराळ्या मंडळ्या निरनिराळं शिकवतात. तुमच्या पाळकांशी बोला. मी माझं सांगतो.

आई दरवर्षी वणीच्या गडावर सप्तशृंगीला जायची. नेणारा मीच. बाप्तिस्म्यानंतरच्या चैत्रात मी सांगितलं, मी येणार नाही. ती शेजारच्या काकूंबरोबर एसटीने गेली, गुडघे धरून परत आली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या बुधवारी मी संगतीत साक्ष दिली की परीक्षेत प्रभूने मला पास केलं. सगळे 'आमेन' म्हणाले.

वर्षभराने २ राजे ५ वाचताना अडकलो. नामान नावाचा परदेशी सेनापती कुष्ठातून बरा झाला, यापुढे परमेश्वराखेरीज कोणाला यज्ञ करणार नाही म्हणाला, आणि मग चाचरत विचारलं: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, मलाही वाकावं लागतं, याची क्षमा होईल ना? अलीशा संदेष्ट्याने भाषण केलं नाही. "शांतीने जा," एवढंच म्हणाला. पाठोपाठ मार्क ७ डोळ्यांसमोर आला, जिथे देवाला अर्पण केलंय असं सांगून आईबापांना द्यायचं ते टाळणाऱ्यांना येशू झापतो. माझी 'साक्ष' नेमकी तीच होती.

पुढच्या चैत्रात आईला गाडीने गडावर नेलं. वर रांगेपर्यंत हात धरला, तिची पिशवी आणि चपला घेऊन बाहेर बसलो. आत गेलो नाही, हात जोडले नाहीत, तिनेही आग्रह केला नाही. परतताना वाटेत आम्ही भजी खाल्ली. मंडळीतल्या दोघांना हे पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्यांचा मान राखून मी अजून नेतो.

प्रसादाबद्दल पौलाचं १ करिंथ ८ आणि १० सबंध वाचा, एखादीच ओळ उचलू नका. बाजारातलं आणि कोणी जेवायला बोलावून वाढलेलं न चौकशी करता खा, असं तो म्हणतो. आणि कोणी मुद्दाम 'हे मूर्तीला वाहिलेलं आहे' असं सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका, असंही म्हणतो. व्यवहारात: हसून, दोन्ही हात जोडून "मला चालणार नाही, वहिनी" म्हणा. घेऊन मागच्या दाराने टाकून देऊ नका. दिवाळीत करंज्या लाटायला बसा, लग्नात वाढायला उभे राहा, मयताला सगळ्यांच्या आधी पोचा. आरतीच्या वेळी बाजूला झालात तर चिडायला लोकांना कारण मिळतं. पण बाकी सगळीकडे तुम्ही दुप्पट राबत असाल तर ते कारण फार दिवस पुरत नाही.

आणि नवरा-बायकोपैकी एकानेच विश्वास ठेवला असेल तर घाई अजिबात नको. जलालपूर इथून हाकेच्या अंतरावर. लक्ष्मीबाई टिळक तिथल्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं त्या बाईने काय सोसलं, याचा विचार 'बायकोला कधी आणू' असं विचारणाऱ्या प्रत्येक पुरुषाने करावा. १ करिंथ ७ मध्ये पौल सांगतो, विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका. तिला ओढत आणा, असं तो कुठे म्हणत नाही.

नवस सोडा

आपल्या रक्तात नवस आहे. देव बदलला तरी नवस तसाच राहतो: पोराला नोकरी लागू दे, दशांश चालू करतो. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगितलं तेव्हा येशूने याच गोष्टीला 'देवाची परीक्षा पाहणं' म्हटलं. मलाखी ३:१० मध्ये दशांशाबद्दल बोलताना देव 'माझी प्रतीती पाहा' म्हणतो हे खरं, आणि पैसे गोळा करणाऱ्या वक्त्यांचं ते फार आवडतं वचन आहे. ते वाचाच, पण त्याच्या आधीच्या ओळीही वाचा.

कागदावर काय लिहायचं?

हे कोणी व्यासपीठावरून बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. अनुसूचित जातीतून आलेल्या नव्या विश्वासणाऱ्याची सर्वांत खरी परीक्षा तहसील कार्यालयात होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आलेले नाहीत. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही, त्यामुळे पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या आदिवासी भावांचा प्रश्न वेगळा आहे.

हा नियम मला अन्यायाचा वाटतो. तरी अर्जावर खोटं लिहा, असं मी सांगणार नाही. आणि ज्याच्या मुलीची शिष्यवृत्ती त्या दाखल्यावर अवलंबून आहे त्याला वरून उपदेशही करणार नाही. दोनच गोष्टी सांगतो. बाप्तिस्म्याआधी हे सगळं एखाद्या वकिलाकडून समजून घ्या, नंतर नव्हे. आणि तुम्ही खरं लिहिलंत, त्यामुळे फी भरायला पैसे कमी पडले, तर ती रक्कम मंडळीची आहे, तुमची एकट्याची नाही. हे तुमच्या मंडळीला पटत नसेल तर मला ती परीक्षा तुमची नाही, मंडळीची वाटते.

पाळकांचं किती ऐकायचं?

ऐकायचं. इब्री १३:१७ तसं सांगतं. पण बिरुयातले लोक पौलासारख्याचं बोलणंही रोज शास्त्रात तपासून पाहायचे आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं त्यासाठी कौतुक केलंय. 'सर्व गोष्टींची पारख करा' ही थेस्सलनीकातल्या अगदी नव्या विश्वासणाऱ्यांना केलेली आज्ञा आहे. म्हणजे तपासणं हेही आज्ञापालनच.

कोणी म्हणालं, 'देवाने मला तुझ्याविषयी सांगितलंय, अमक्याशी लग्न कर,' 'घर विकून देवासाठी पैशाचं बी पेर,' 'घरच्यांशी संबंध तोड,' 'हे कोणाला सांगू नकोस', तर उठून घरी या. त्याच दिवशी आणखी दोन जुन्या विश्वासणाऱ्यांना सांगा.

आणि गोळ्या. बाहेरून आलेल्या एका वक्त्याच्या सभेनंतर आमच्यातल्या एका बहिणीने 'विश्वासाने' शुगरच्या गोळ्या बंद केल्या. नवव्या दिवशी तिला ॲडमिट करावं लागलं. वक्ता तोवर दुसऱ्या जिल्ह्यात पोचला होता. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटदुखीवर पौलाने उपाय लिहून पाठवलाय. बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला येशूने याजकाकडे जाऊन दाखवायला सांगितलं, म्हणजे तपासणी झालीच. शुगर, बीपी, टीबी, फिट्स, मनाच्या आजाराची गोळी फक्त डॉक्टर बंद करतील. प्रार्थना करा, गोळी घ्या, दोन्ही एकाच पेल्यातल्या पाण्याने.

फळ कधी दिसेल?

द्राक्षवाल्याला विचारा. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल उघडाबोडका. त्यानंतर सगळा उन्हाळा-पावसाळा काडी तयार होण्यात जातो, तेवढ्या काळात त्या काडीवर घड धरत नाहीत. पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि मग पुढे तीन-चार महिन्यांनी माल. योहान १५ मध्ये फळ देणाऱ्या फाट्यालाच छाटतात असं आहे, हे दिंडोरीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मला लागलं होतं, मी सिडकोत वाढलोय.

आणि घसरलात तर

घसरणार. दारू, राग, मोबाइल, जुना जुगार, काहीही. पहिल्यांदा घसरल्यावर माणूस बुधवारी यायचा बंद होतो, फोन उचलत नाही. परीक्षेत नापास झालो तर शाळा सोडायची, हे आपल्याला लहानपणापासून माहीत.

योहानाचे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा. १८ व्या अध्यायात पेत्र कोळशाच्या शेकोटीशी उभा राहून तीनदा नाकारतो, मी येशूचा शिष्य नाही. २१ व्या अध्यायात किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे. त्यावर मासळी, सोबत भाकर. आधी न्याहारी झाली. मग येशूने तीनदा एकच प्रश्न विचारला: माझ्यावर प्रीती करतोस का?

तुम्ही काय करायचं: त्याच रात्री एका माणसाला फोन करून सांगा, दहा जणांना नको. कोणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या, हप्त्याने चालेल. वहीत ती ओळ पुन्हा लिहा, तीच, नवी नको. आणि बुधवारी या. साडेसातला सुरू होतं, दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी सकाळी दहालाही असतं. मागच्या रांगेत बसलात तरी चालतं. चहा आई करते.